मुलाचा कॉलेज फुटबॉल संघ परदेश दौऱ्यावर निघालाय, पाठवावं का?

ओहायोत राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा तिथल्या एका छोट्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात लाइनबॅकर, म्हणजे बचाव फळीत, खेळतो. संघ येत्या मे महिन्यात दहा दिवस इटलीला जाणार आहे. तिथल्या एका क्लबाशी एक प्रदर्शनीय सामना, बाकी थोडा सराव आणि फिरणं. प्रत्येकी चार हजार डॉलर भरायचे आहेत. मुलाच्या बाबांना वाटतं की ही सहल आहे, सामना फक्त नावाला. ताईंना काळजी दुखापतीची, तीही परक्या देशात. मुलाकडे ग्रीन कार्ड आहे, पासपोर्ट मात्र भारतीय. पाठवावं का, पाठवायचं तर कॉलेजला काय काय विचारावं, आणि आपणही सोबत जावं का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, माझं उत्तर ‘पाठवा’ असं आहे. पण पैसे भरण्याआधी काही गोष्टी विचारून घ्या, आणि त्यांची उत्तरं कोचकडून न घेता संघाच्या अॅथलेटिक ट्रेनरकडून घ्या. मी स्वतः तेच काम करतो. मूळचा चंद्रपूरचा, फिजिओथेरपी नागपुरात शिकलो, पुढचं शिक्षण इकडे, आणि आता १९ वर्षं कॉलेज फुटबॉलच्या मैदानावर उभा आहे. अॅथलेटिक ट्रेनर म्हणजे व्यायामशाळेतला ट्रेनर नव्हे. मुलगा मैदानावर पडला की पहिल्यांदा धावत जातो तो माणूस. या कामात चार परदेश दौरे झाले: दोनदा इटली, एकदा ऑस्ट्रिया, एकदा जपान.

आधी बाबांच्या शंकेबद्दल. ही नुसती सहल नाही, कारण तशी ती ठेवता येत नाही. एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या नियमांत परदेश दौऱ्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे. डिव्हिजन एकच्या, म्हणजे खेळांत मोठ्या, कॉलेजला एका खेळासाठी चार वर्षांतून एकदा असा दौरा करता येतो, डिव्हिजन तीनच्या छोट्या कॉलेजांना तीन वर्षांतून एकदा. दौऱ्यात फुटबॉलचे जास्तीत जास्त तीन सामने. निघण्यापूर्वी दहा दिवस सरावाची मुभा. दौरा सुटीतच हवा, वर्ग बुडवून नाही. आणि परदेशात जाऊन दुसऱ्या अमेरिकन कॉलेजशी खेळायचं नाही, परदेशी संघाशीच खेळायचं. अपवाद फक्त परदेशी तळांवरच्या अमेरिकन सैनिकांच्या संघांचा. सामन्याचा निकाल मोसमाच्या हिशेबात धरला जात नाही, म्हणून तो ‘प्रदर्शनीय’.

यातली दहा दिवसांच्या सरावाची गोष्ट छोट्या कॉलेजांसाठी फार मोलाची असते. डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नाही आणि वसंतातल्या सरावावर कडक मर्यादा आहेत. नोव्हेंबरात शेवटचा सामना झाला की मुलं थेट ऑगस्टमध्येच पुरतं धडकायला लागतात. दौऱ्याच्या वर्षी मात्र मे महिन्यात दहा दिवस खरा सराव आणि वर एक सामना मिळतो. दुसऱ्या वर्षाचा, अजून पहिल्या अकरात न आलेला मुलगा कोचच्या नजरेत भरायला याहून चांगली संधी नाही. मोसमात ज्याला चार सामन्यांत मिळून वीस चाली खेळायला मिळाल्या, त्याला इटलीत अर्धा सामना मिळतो. तुमचा मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी डब्लिनमध्ये होणारे कॉलेज सामने तुम्ही टीव्हीवर पाहिले असतील. तो प्रकार वेगळा. २०२३ मध्ये नोत्र दामनं नेव्हीला ४२–३ हरवलं, २०२४ मध्ये जॉर्जिया टेकनं फ्लोरिडा स्टेटला २४–२१. ते मोसमाचे खरे सामने, फक्त मैदान आयर्लंडचं. दोन्ही संघ अमेरिकन, आणि त्यामागे पर्यटनाचं मोठं गणित. तुमच्या मुलाचा दौरा हा त्याहून साधा आणि माझ्या मते त्याहून चांगला प्रकार आहे, कारण समोर त्या देशातली माणसं असतात.

ही परंपरा कशी आली ते थोडं सांगतो. १९७६ च्या उन्हाळ्यात टेक्सास ए अँड आय आणि आर्कान्सातलं हेंडरसन स्टेट या दोन कॉलेजांचे संघ युरोपभर फिरले. बर्लिन, व्हिएन्ना, मॅनहाइम, न्युरेम्बर्ग, पॅरिस. समोर स्थानिक संघ नव्हताच, म्हणून दोघं एकमेकांशीच खेळत गावोगाव गेले. ही दोन्ही कॉलेजं तेव्हा एनएआयए या दुसऱ्या संघटनेत होती. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७९ मध्ये, जर्मनीत स्वतःची लीग उभी राहिली. तिचं मोठं श्रेय तिथल्या अमेरिकन लष्करी तळांना जातं, पण जर्मन माणूस हा खेळ तिकीट काढून बघायला येतो हे त्या वर्षांतच दिसू लागलं होतं. आज युरोपात समोर उभं राहायला संघ शोधावा लागत नाही.

पूर्वीच्या दौऱ्यांपैकी मला सगळ्यांत भावलेला ड्रेक विद्यापीठाचा. आयोवातल्या डी मॉइन शहरातलं हे कॉलेज, फुटबॉलसाठी शिष्यवृत्ती न देणारं. मे २०११ मध्ये त्यांचा संघ टांझानियात गेला आणि अरुशा शहराच्या मैदानावर मेक्सिकोच्या खासगी विद्यापीठांच्या निवडक संघाशी खेळला. ‘ग्लोबल किलिमांजारो बाउल’ असं त्या सामन्याचं नाव. ड्रेक १७–७ जिंकलं. आफ्रिकेच्या भूमीवर दोन संघांत झालेला अमेरिकन फुटबॉलचा तो पहिला सामना म्हणून ओळखला जातो. त्यांनी तिथल्या मुलांना खेळ शिकवला, सेवेची कामं केली, आणि नंतर संघ किलिमांजारो चढायला निघाला. शिखराची उंची ५,८९५ मीटर.

माझ्या पेशाच्या माणसाला ती बातमी वाचून आधी आनंद झाला आणि लगेच छातीत धस्स झालं. सव्वाशे-दीडशे किलोचा लाइनमन सपाट मैदानावर चार सेकंद झटका देण्यासाठी घडवलेला असतो. त्याला पाच हजार मीटरच्या पुढे नेणं म्हणजे वेगळीच तयारी. तिथे ताकद कामाला येत नाही. सावकाश चढणं, पाणी पिणं आणि डोकं दुखायला लागलं की न लाजता सांगणं हेच कामाला येतं. आणि तरुण खेळाडूला सगळ्यांत अवघड जातं ते हेच सांगणं. दुसरी काळजी सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराची. एनसीएए सर्व खेळाडूंची सिकल सेल तपासणी बघते, कारण ज्याच्या रक्तात हा गुण एकाच पालकाकडून आलाय तो एरवी ठणठणीत असतो, पण जोराची दमछाक, उष्मा, पाण्याची कमतरता आणि उंची एकत्र आली की कोसळू शकतो. मी चंद्रपूरचा आहे. गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्यात हा आजार घरोघरी ओळखीचा. इकडे पहिल्या वर्षी एका पालकांनी मला विचारलं, ‘आफ्रिकी वंशाच्या मुलांचीच तपासणी करायची ना?’ मी म्हटलं, ‘नाही, माझ्या गावाकडच्या मुलांचीही करायची.’ तुमच्या मुलाची तपासणी झालेली असणार, पण निकाल तुम्हाला तोंडपाठ हवा.

मिशिगन विद्यापीठानं एप्रिल २०१७ मध्ये रोमला नेलेला संघही तुम्हाला आठवत असेल. जिम हारबॉ तेव्हा कोच होते. त्यांनी पोप फ्रान्सिस यांना मिशिगनचं हेल्मेट आणि बूट भेट दिले आणि तो फोटो सगळीकडे झळकला. त्यांनी तिथे सामना खेळला नाही, वसंतातले शेवटचे सराव तेवढे केले. आदल्या वर्षी हाच संघ सुटीत फ्लोरिडात सरावाला गेला होता. त्यावर बाकीच्यांनी बरीच ओरड केली आणि मोठ्या कॉन्फरन्सनी, म्हणजे कॉलेजांच्या गटांनी, जानेवारी २०१७ मध्ये सुटीतला असा बाहेरगावचा सराव बंद केला. रोमचा दौरा वर्ग संपल्यावर ठेवल्यामुळे बसला. तो मोठ्या पैशाचा आणि मोठ्या नावाचा मामला होता. तुमच्या मुलाच्या संघाची तुलना त्याच्याशी करू नका. ड्रेकशी करा.

आता समोरचा संघ. ‘युरोपियन क्लब म्हणजे काय, आमची पोरं चाळीस गुणांनी जिंकतील,’ असं कोच म्हणतात आणि बऱ्याचदा तसं होतंही. पण देशादेशांत फरक आहे. मेक्सिकोत विद्यापीठांचा फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. ड्रेकला सतरा गुणांवर थांबावं लागलं ते काही उगाच नव्हे. जपानमध्ये १९३४ पासून विद्यापीठं हा खेळ खेळतात. मार्च २०१५ मध्ये प्रिन्स्टनचा संघ ओसाकात क्वान्सेई गाकुइन विद्यापीठाशी खेळला आणि ३६–७ जिंकला. आकडा एकतर्फी वाटतो. पण जपानी संघ पावलांच्या कामात इतके नेटके असतात की आमच्या जपान दौऱ्यात मुलांना पहिल्या पंधरा मिनिटांत चेंडू कुणाकडे आहे हेच कळत नव्हतं.

इटलीत समोर येणारा संघ तिसऱ्या प्रकारचा असतो. एकोणीस वर्षांचा पोरगा आणि अडतीस वर्षांचा बाप्या एकाच रांगेत. वेल्डर, शाळामास्तर, औषधाच्या दुकानातला माणूस, कुणाचा स्वतःचा बेकरीचा धंदा. हे लोक आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी कामावरून थेट मैदानावर येतात, हेल्मेट स्वतःच्या पैशानं घेतात, सामन्याआधी मैदानावरचे पट्टे स्वतः आखतात. पगार नाही. एक-दोन अमेरिकन खेळाडू असतात त्यांना मानधन मिळतं, बाकी सगळे हौसेनं. माझ्या पहिल्या इटली दौऱ्यात रात्री सामना संपल्यावर दोन्ही संघ लांब टेबलांवर एकत्र जेवायला बसले. समोरच्या संघाचा सेंटर, म्हणजे चाल सुरू करताना चेंडू मागे देणारा खेळाडू, माझ्या शेजारी होता, पेशानं दात बनवणारा तंत्रज्ञ. तो म्हणाला, ‘उद्या सकाळी आठला दुकान उघडायचंय.’ त्याचा अंगठा सुजला होता आणि त्याच हातानं त्याला सकाळी बारीक काम करायचं होतं. आमची मुलं गप्प झाली. शिष्यवृत्ती नाही, प्रेक्षक कमी, बातमी नाही, अशा तक्रारी ती वर्षभर करत होती. तुमच्या चार हजार डॉलरमधले निम्मे तरी त्या टेबलासाठी आहेत असं समजा.

मैदानाबद्दलही एक गोष्ट मुलाला सांगून ठेवा. अमेरिकन फुटबॉलचं मैदान दोन्ही टोकांचे गुण मिळवायचे पट्टे, म्हणजे एंड झोन, धरून १२० यार्ड, म्हणजे जवळजवळ ११० मीटर लांब. युरोपात सामना बहुतेक वेळा सॉकरच्या मैदानावर होतो आणि ते साधारण १०५ मीटरचं. मग एंड झोन आखूड करतात, किंवा तो गवत संपून धावपट्टीच्या कडेपर्यंत जातो. झेल घ्यायला धावत गेलेला मुलगा थेट जाहिरातीच्या फळीवर किंवा सिमेंटच्या कडेवर आदळू शकतो. मी सामन्याच्या आदल्या दिवशी मैदानाभोवती पायी चक्कर मारतो आणि प्रत्येक टणक वस्तूला गादी बांधायला लावतो. तुमच्या संघाचा ट्रेनर आदल्या दिवशी मैदान बघणार आहे का, हे विचारा. तो सरळ ‘हो’ म्हणाला तर माणूस जाणता आहे.

आता तुमच्या खऱ्या भीतीकडे येतो. सामना प्रदर्शनीय असला तरी टक्कर खरीच असते. उलट दौऱ्यातल्या सामन्यात काही गोष्टी जास्त अवघड असतात. मुलं सहा महिने पुरती धडकलेली नसतात, मानेचे स्नायू सैल पडलेले असतात. परीक्षा नुकत्याच संपलेल्या, झोप अपुरी. ओहायो ते इटली सहा तासांचा फरक, आणि पूर्वेकडे जाताना शरीराला जुळवून घ्यायला साधारण दर तासामागे एक दिवस लागतो. म्हणून उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी सामना ठेवणारा दौरा मला मान्य नाही. निदान तीन पूर्ण रात्री झोप झालेली हवी. कार्यक्रमपत्रिकेत सामना कितव्या दिवशी आहे ते आधी बघा. आमच्या एका दौऱ्यात आयोजकांनी तो दुसऱ्या संध्याकाळी ठेवला होता. मी आणि कोचनी भांडून तो पाचव्या दिवशी नेला, त्यासाठी एक शहर बघायचं राहिलं. मुलं नाराज झाली. मला त्याचं दुःख नाही.

निघण्यापूर्वीचे ते दहा सराव या दृष्टीनं सोन्याचे आहेत. ते सगळेच्या सगळे झाले पाहिजेत आणि पहिले दोन-तीन पूर्ण पॅडशिवाय. काही संघ परीक्षांमुळे पाच-सहाच करतात आणि जातात. तसं असेल तर मुलाला जानेवारीपासूनच मानेचे आणि खांद्याचे व्यायाम सुरू करायला सांगा.

मानेची इजा परदेशात कशी हाताळायची, यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवतो. कारण ही एक गोष्ट चुकली तर परत दुरुस्त होत नाही. इटलीत रुग्णवाहिकेवर बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवक असतात. चांगली, शिकलेली माणसं. त्यांना हेल्मेट माहीत असतं ते मोटारसायकलवाल्याचं, आणि त्यात शिकवण अशी की हेल्मेट सांभाळून काढा. फुटबॉलच्या खेळाडूच्या खांद्यांवर मात्र जाड पॅड असतात. तो उताणा पडलेला असताना नुसतं हेल्मेट काढलं तर खांदे उंच राहतात, डोकं मागे पडतं आणि मान वाकते. काढायचं तर हेल्मेट आणि पॅड दोन्ही, शिकलेल्या चार-पाच हातांनी एकदम. नाहीतर दोन्ही राहू द्यायचे आणि फक्त तोंडापुढची जाळी काढून श्वासाची वाट मोकळी करायची. हे त्या माणसाला सामना चालू असताना, दुसऱ्या भाषेत, प्रेक्षकांच्या गलक्यात समजावता येत नाही.

म्हणून मी सामन्याच्या दीड तास आधी रुग्णवाहिकेच्या लोकांना बोलावतो, आमच्या एका धिप्पाड लाइनमनला गवतावर आडवा करतो आणि प्रत्यक्ष करून दाखवतो. मग त्यांच्याकडून करून घेतो. तोच दात बनवणारा सेंटर पहिल्या वेळी दुभाषी झाला होता. त्या सामन्याच्या उत्तरार्धात आमचा एक मुलगा टॅकल करताना पडला आणि उठला नाही. मी पोहोचलो तेव्हा तो म्हणाला, ‘दोन्ही हातांना मुंग्या येतायत.’ एका हाताला मुंग्या येणं फुटबॉलमध्ये नेहमीचं. खांदा-मान ताणली जाते आणि शीर दुखावते, थोड्या वेळात जातं. दोन्ही हातांना आल्या की मी मणका दुखावलाय असंच धरून चालतो, उलट सिद्ध होईपर्यंत. त्या तीन स्वयंसेवकांनी दीड तासापूर्वी शिकलेलं जसंच्या तसं केलं. मुलाची मान तसूभर हलली नाही. रुग्णालयात तपासण्या झाल्या, सगळं निर्धोक निघालं, तो संघासोबतच घरी परतला. त्याच्या आईचा नंतर फोन आला तेव्हा मला फार बोलता आलं नाही.

तर तुमच्या ट्रेनरला विचारा: रुग्णवाहिका मैदानावरच उभी असणार का, की बोलवावी लागणार? तिच्या लोकांना आधी भेटणार का? जवळचं मोठं रुग्णालय कुठलं आणि तिथे रात्री मेंदू-मणक्याची तपासणी होते का? संघासोबत डॉक्टर आहे का, की एकटा ट्रेनर? आणि डोक्याला हिसका बसल्याची शंका आली तर मुलाला बाहेर बसवण्याचा शब्द कुणाचा? तो कोचचा नसून ट्रेनरचाच असला पाहिजे, परदेशातही. कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा, झालेला मुलगा दुसऱ्या दिवशी बसमध्ये, संग्रहालयात, उन्हात फिरवायचा नाही. त्याच्यासोबत हॉटेलात कोण थांबणार हेही आधी ठरलेलं हवं.

सामानाचं थोडक्यात सांगतो. एका दौऱ्यात विमान कंपनीकडून आमच्या सामानाच्या मोठ्या पेट्या दीड दिवस उशिरा आल्या आणि सराव हेल्मेटशिवाय करावा लागला. तेव्हापासून प्रत्येक मुलगा आपलं हेल्मेट विमानात स्वतःजवळ ठेवतो. ज्या हेल्मेटच्या आत हवेच्या पिशव्या असतात त्यांचा दाब प्रवासानंतर बदललेला असू शकतो, म्हणून उतरल्यावर प्रत्येक हेल्मेट डोक्यावर बसवून पुन्हा हवा भरायची. जाळी काढायचा विजेरी स्क्रूड्रायव्हर विमानाच्या पोटात जातो आणि त्याची सुटी लिथियम बॅटरी मात्र सोबतच्या पिशवीत. हे उलटं केलं की विमानतळावरच एक वस्तू जाते.

औषधांचं नीट ऐका. मुलगा रोज काही गोळी घेत असेल तर ती मूळ डबीतच हवी आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. जपानच्या दौऱ्याआधी मी सगळ्यांची यादी तपासत होतो, तेव्हा एक मुलगा लक्ष एकाग्र राहण्यासाठी अॅडरॉल घेतो असं कळलं. जपानमध्ये हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट नेणंही गुन्हा आहे. निघायला तीन आठवडे होते, म्हणून त्याच्या डॉक्टरांना पर्याय बघायला वेळ मिळाला. इटलीत इतकी कडक परिस्थिती नाही. पण बरीच मुलं अशी औषधं संघात सांगत नाहीत, आणि तुमचा मुलगा घेत असेल तर ट्रेनरला तुम्ही सांगा.

विम्याबद्दल कॉलेजकडून लेखी घ्या. घरचा अमेरिकन आरोग्य विमा परदेशात चालतो का, हे विमा कंपनीला विचारा, गृहीत धरू नका. कॉलेजच्या दौरा-विम्यात स्पर्धात्मक खेळातली इजा धरलेली आहे ना, हे मुद्दाम बघा. कित्येक साध्या प्रवासी विम्यांत ती वगळलेली असते, आणि फुटबॉल संघाला तोच विमा काढून देणारे आयोजक मी पाहिले आहेत. आजारी माणसाला विमानानं घरी आणण्याचा खर्च त्यात हवा.

आता पासपोर्ट. इथे तुमच्या मुलाची गोष्ट संघातल्या बाकीच्यांपेक्षा वेगळी आहे आणि कॉलेजच्या ते लक्षात येईलच असं नाही. अमेरिकन पासपोर्टवाल्या मुलांना दहा दिवसांसाठी इटलीचा व्हिसा लागत नाही. भारतीय पासपोर्टवाल्याला लागतो, ग्रीन कार्ड असलं तरी. इटलीसह युरोपातल्या अनेक देशांना चालणाऱ्या या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण खरी अडचण अपॉइंटमेंटची. उन्हाळ्याच्या तोंडावर ती मिळत नाही. मेच्या दौऱ्यासाठी जानेवारीतच तारीख घ्या. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा अर्जासोबत लागतो. कॉलेजकडून नावानिशी पत्र, हॉटेलांची नोंद, परतीचं तिकीट घ्या. आयोजक तिकिटं गटानं काढतात आणि नावं उशिरा देतात, तेव्हा त्यांना आत्ताच सांगून ठेवा की याच्या कागदांना घाई आहे. आमच्या संघात एकदा नेपाळी पासपोर्टचा मुलगा होता. त्याचा व्हिसा निघायच्या आदल्या दिवशी आला. त्या आठवडाभर तो सरावात कुठे बघतोय हे त्यालाच कळत नव्हतं.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाची मुलं एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-४ (पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून) व्हिसावर असतील तर परतीचाही विचार करा. पासपोर्टवरचा अमेरिकन व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर इटलीहून थेट परत येता येणार नाही. एफ-१ असेल तर आय-२० या कॉलेजच्या प्रवेशपत्रावर कॉलेजची प्रवासाची सही ताजी हवी.

पैशांबद्दल: चार हजारांत काय धरलंय ते ओळीनं मागा. व्हिसा, विमा, जेवणं, सामानाचं भाडं बाहेर आहे का? मुलगा आजारी पडून निघालाच नाही तर किती परत मिळणार? बहुतेक संघ निधी उभा करतात. मुलं स्टेडियम झाडतात, माजी विद्यार्थ्यांना पत्रं लिहितात. आमच्याकडे कुणाची ऐपत नाही म्हणून कुणी मागे राहू नये असा कोचचा दंडक होता, आणि तो पाळला गेला. तुमच्या कॉलेजात तसं आहे का ते विचारायला संकोच करू नका.

बाबांना आवडेल अशी एक गोष्ट. २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाचा पहिला मोसम कोलंबोत खेळला गेला आणि त्यात पुणे मराठाज हा संघ अजिंक्य ठरला. रग्बी, कबड्डी, अॅथलेटिक्समधून आलेली आपली मुलं काही महिन्यांत हा खेळ शिकून मैदानात उतरली होती. इटलीतल्या त्या वेल्डर-मास्तरांच्या संघांची सुरुवातही अशीच, दुसऱ्या खेळांतून आलेल्या माणसांनी केलेली.

तुम्ही सोबत जावं का? पालकांचा वेगळा गट बहुतेक दौऱ्यांत असतो. जा, पण हॉटेल वेगळं घ्या आणि सामन्याव्यतिरिक्त मुलाला संघासोबत सोडा. प्रेक्षकांत बसाल तेव्हा तो पडला तर कुंपण ओलांडून धावत येऊ नका. मला माहीत आहे हे किती कठीण आहे. ट्रेनर तुमच्याकडे बघून हात वर करेल, तेव्हाच या. निघण्याआधी तेवढी खूण त्याच्याशी ठरवून घ्या. मुलगा शाकाहारी असेल तर इटलीत उपाशी राहणार नाही, पण सामन्याच्या दिवशी नुसत्या पास्त्यावर भागवू देऊ नका. डाळी-चण्यांचं काहीतरी, अंडी चालत असतील तर अंडी, आणि सोबत घरचे शेंगदाण्याचे लाडू द्या. आमच्या ऑस्ट्रियाच्या दौऱ्यात माझ्या बायकोनं दिलेला लाडवांचा डबा मध्यंतरात आक्रमक फळीनं संपवला होता.

आज संध्याकाळी पहिलं काम म्हणजे मुलाचा पासपोर्ट काढा आणि तो कधी दिलाय, कधी संपतोय ते बघा. नूतनीकरण लागणार असेल तर ते व्हिसाच्या आधी.